मेंदूची मोजणी आणि मोजणीवरची नजर

घरातली वडीलधारी माणसे 'हल्ली नावेच आठवत नाहीत हो' असे म्हणू लागली, की आपण हसून सोडून देतो. चष्मा कपाळावर असतो आणि शोध साऱ्या घरात चाललेला असतो. वयच तसे, असे म्हणून आपण चहाचा कप पुढे करतो. पण एखाद्या घरात ही गोष्ट हसण्यावारी नेण्याच्या पलीकडे जाते. जिने चाळीस वर्षे एकाच ओट्यावर स्वयंपाक केला तिला मिठाचा डबा सापडेनासा होतो, आणि एके दिवशी ती पोटच्या मुलालाच 'आपण कोण?' म्हणून विचारते. अशा घरातल्या माणसांना डॉक्टरांकडून दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात. हे म्हातारपण आहे की आजार? आणि आजार असेल, तर औषधाने तो थोपतो आहे का?

या दोन प्रश्नांसाठी जगभर गेली पंचवीस-तीस वर्षे जी खटपट चालली आहे, तिच्यातल्या एका अगदी कोपऱ्यातल्या कामाविषयी मी लिहिणार आहे. या कामाला कीर्ती नाही. वर्तमानपत्रात त्याची बातमी येत नाही. मी मराठीची अध्यापिका. मेंदूशी माझा संबंध एवढाच, की पेपर तपासताना तो शिणतो. पण हे काम मला समजले तेव्हा ते परके वाटले नाही. प्रती ताडून पाहणे आणि चुका हुडकणे, हा तर आमच्याच आळीतला धंदा!

बारा लाख दाणे

एमआरआय हे नाव आता घरोघर माहीत झाले आहे. ते यंत्र म्हणजे एक जबरदस्त लोहचुंबक. आपल्या शरीरात जिकडेतिकडे पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे, आणि त्या चुंबकाच्या पोटात हायड्रोजनचे अणुगर्भ रेडिओलहरींनी हलवले, की पुन्हा सावरताना ते बारीकसा संदेश देतात. तो संदेश कोठून आला हे ओळखून त्याचे चित्र बनवता येईल, ही युक्ती अमेरिकेतील पॉल लॉटरबर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली. इंग्लंडमधील पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची आणि वेगाची जोड दिली, आणि दोघांना मिळून २००३ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. यात क्ष-किरणांचा संबंध नाही. त्यामुळे तोच माणूस वर्षानुवर्षे येऊन यंत्रात निजला तरी त्याला किरणांचा धोका नाही, आणि आपल्या विषयाला हीच गोष्ट महत्त्वाची आहे.

यंत्रातून जे मिळते तो लहान लहान घनांचा एक ढीग असतो. संशोधनासाठी काढलेल्या चित्रात एकेक घन साधारण एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच. शास्त्रज्ञ त्याला व्हॉक्सेल म्हणतात. मी आपली 'दाणा' म्हणते. मेंदूचे आकारमान बाराशे घनसेंटिमीटर धरले तर त्याचे बारा लाख दाणे झाले. प्रत्येक दाण्याला एकच गुण, तो म्हणजे उजळपणा. मेंदूच्या आतला पांढरा भाग उजळ दिसतो, करडा भाग मध्यम, आणि भोवतालचे पाणी काळे. आता या बारा लाखांतला कोणता दाणा कोणाच्या मालकीचा, हे ठरवायचे. इंग्रजीत याला सेगमेंटेशन म्हणतात. मला मात्र जमिनीच्या मोजणीची आठवण होते. हे शेत अमक्याचे, तो तुकडा तमक्याचा, आणि बांध जातो तो असा! पूर्वी ही मोजणी तज्ज्ञ मंडळी हाताने करीत. एकेक काप पुढे घ्यायचा आणि त्याच्यावर रेघ ओढायची. आता ती संगणक करतो. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रातला 'फ्रीसर्फर' हा प्रोग्राम या कामी फार प्रसिद्ध आहे. त्याची पायाभूत पद्धत अँडर्स डेल आणि ब्रूस फिशल यांनी १९९९ साली मांडली.

सगळी अडचण बांधावर आहे. मेंदूच्या बाहेरच्या करड्या थराला कॉर्टेक्स म्हणतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ झाडाची साल. ही साल कोठे एक मिलिमीटर, कोठे साडेचार, आणि सरासरीने अडीच मिलिमीटर जाड असते. म्हणजे दोन-तीन दाण्यांची गोष्ट! शिवाय निसर्ग काही आपल्या दाण्यांच्या मापाने बांध घालीत नाही. हद्दीवरचा दाणा अर्धा करडा, अर्धा पांढरा असा निघतो, आणि तो कोणाच्या पदरात टाकायचा हे ठरवावे लागते.

स्मरणशक्तीशी ज्याचा फार जवळचा संबंध आहे तो हिप्पोकॅम्पस घ्या. कानाच्या आतल्या बाजूला, खोलवर, दोन्हीकडे एकेक असतो. इटलीतील शरीरशास्त्रज्ञ अरांझी यांना तो सागरी घोड्यासारखा दिसला आणि १५८७ साली त्यांनी त्याला ते नाव दिले. म्हाताऱ्या माणसात एका बाजूचा हिप्पोकॅम्पस तीन घनसेंटिमीटरच्या आसपास भरतो, म्हणजे तीन हजार दाणे. निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र करून २००९ साली जी पाहणी प्रसिद्ध झाली तिच्यात असे आढळले, की निरोगी वृद्धांत हा भाग वर्षाला सरासरी १.४१ टक्के आकसतो आणि अल्झायमरच्या रुग्णांत ४.६६ टक्के. टक्के बाजूला ठेवून दाणे मोजू या. निरोगी आजोबांचे वर्षाला बेचाळीस दाणे जातात, आजारी आजोबांचे एकशे चाळीस. आणि तीन हजार दाण्यांचा अगदी गोल लाडू वळला, तरी त्याच्या पृष्ठभागावर हजारभर दाणे येतात. हिप्पोकॅम्पस तर लांबट आणि वाकडा, त्याचे आणखी जास्त. हद्दीवरच्या त्या हजारांतले बेचाळीस दाणे संगणकाने शेजाऱ्याच्या नावावर चढवले, तर एक वर्षाचे म्हातारपण कागदावर निर्माण झाले, किंवा कागदावरून पुसले गेले! आपल्याकडे भाऊबंद रोज वीतभर बांध कोरतात म्हणून कोर्टात जातात; इथे तर मिलिमीटरचा वाद आहे.

नाक डोक्यामागे

एकाच माणसाचे चित्र पुन्हा पुन्हा काढून त्यातला बदल पाहणे, याला दीर्घकालीन पाठपुरावा म्हणतात. अल्झायमरच्या क्षेत्रातला सर्वांत मोठा नावाजलेला पाठपुरावा अमेरिका व कॅनडा येथे २००४ साली सुरू झाला. त्याचे नाव लांबलचक आहे. सगळे त्याला 'ॲडनी' म्हणतात. पन्नासांवर केंद्रे, पहिल्या फेरीत आठशे माणसे घेण्याचा बेत, आणि दर सहा-बारा महिन्यांनी प्रत्येकाची पुन्हा हजेरी. इतक्या ठिकाणची इतकी यंत्रे एकाच मापाने मोजतात की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी एक नामी उपाय केला. आत लहान गोळे बसवलेला एक मोठा गोळा सर्व केंद्रांना दिला आणि माणसाबरोबर त्याचेही चित्र काढायला लावले. गोळा काही म्हातारा होत नाही. त्याचे माप बदलले तर दोष यंत्राचा. वाण्याच्या तराजूवर सरकारी वजन ठेवून पाहावे, तसेच हे.

पण गोळा हलत नाही, माणूस हलतो. आणि यंत्र बरोबर असूनही रेघ चुकते. ती कशी चुकते हे मी गेल्या मे महिन्यात पाहिले. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी इंग्लंडमध्ये एका विद्यापीठात याच विषयात संशोधन करते. ती पुण्याला आली होती. सुटीतसुद्धा तिचे काम चाललेले पाहून मी तिच्याजवळ जाऊन बसले. पडद्यावर होती ती 'ओॲसिस' नावाच्या संग्रहातली चित्रे. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने हा संग्रह अभ्यासूंसाठी खुला केलेला आहे. त्यातल्या पाठपुराव्याच्या भागात साठ ते शहाण्णव वयाची १५० माणसे आणि त्यांच्या एकूण ३७३ भेटी आहेत. नावगाव कोणाचेच नाही.

राखी रंगाचा मेंदू, आणि त्याच्यावर संगणकाने ओढलेल्या दोन रेघा. आतली पिवळी, ती पांढऱ्या आणि करड्या भागाच्या सीमेवरची. बाहेरची लाल, ती सालीच्या बाहेरच्या कडेची. पोरगी बाण दाबत होती आणि काप भराभर पुढे सरकत होते. मला सगळे सारखेच दिसत होते. एकाएकी ती थांबली. "मावशी, लाल रेघ बघ, कुठे गेलीय." लाल रेघ सालीची कड सोडून बाहेर फुगली होती. मेंदूवर एक चिवट आवरण असते, त्याचे नाव ड्युरा. या चित्रात त्याचा उजळपणा करड्या भागासारखाच दिसतो. संगणकाला वाटले हीही सालच! त्या ठिकाणी साल भलतीच जाड भरणार, हे उघड आहे.

मग तिने मला चुकांचे सारे गोत्र सांगितले. कानाजवळ मेंदूचा पुढे आलेला भाग कधी अर्धाच धरला जातो. पांढऱ्या भागात म्हातारपणाचे जे डाग पडतात ते या चित्रात काळपट दिसतात, आणि संगणक त्यांना करड्याच्या नावावर टाकतो. कवटी काढून टाकण्याच्या पायरीवर डोळ्याचा एखादा तुकडा मेंदूत शिल्लक राहतो. दातांना तारा असल्या तर तोंडाजवळचा भाग वितळल्यासारखा होतो. आणि सर्वांत विनोदी प्रकार असा, की चित्राची चौकट अपुरी घेतली तर चौकटीबाहेर राहिलेले नाक गुंडाळून डोक्याच्या मागच्या बाजूला उगवते! मी खूप हसले, तीही हसली. पण तसे चित्र तिला बाद करावे लागते, आणि तेवढ्यासाठी कोणा वृद्ध गृहस्थाला पुन्हा बोलवावे लागते, तो येईलच असे नाही.

ज्या चुका दुरुस्त करता येतात त्यांची रीत सोपी आहे. ड्युरा खोडून काढायचा. पांढरा भाग कोठे फिका पडून निसटला असेल तर तिथे ठिपके ठेवायचे आणि संगणकाला बजावायचे, की हे पांढरेच आहे. मग तो सारी आखणी पुन्हा करतो. त्याला काही तास लागतात. 'ह्या कामाला हमाली म्हणतात आमच्याकडे,' असे ती म्हणाली. माझे मत वेगळे आहे. मुद्रितशोधनालाही लोक हमालीच म्हणतात, आणि ते नीट झाले नाही म्हणजे अर्थाचा अनर्थ कोणामुळे झाला ते विचारतात.

पहिली प्रत आणि मूळ प्रत

इथवर एकाच चित्राची गोष्ट झाली. पाठपुराव्यात खरी मेख पुढेच आहे. समजा, संगणकाने एका माणसाची रेघ प्रत्येक वर्षी त्याच जागी, तेवढीच चुकवली. पाच टक्के जास्त, दरवर्षी पाच टक्के जास्त. मग फरक काढताना चूक बरीचशी वजा होऊन जाते. पण पहिल्या वर्षी ड्युरा आत घेतला आणि दुसऱ्या वर्षी बाहेर ठेवला, तर ती चूक आजाराचे सोंग घेते. म्हणून तपासणाऱ्याने केवळ एकेक चित्र बरोबर आहे का, हे पाहून भागत नाही. सगळ्या वर्षांची चित्रे शेजारी शेजारी मांडून सर्वांना एकच न्याय लावला आहे का, हे पाहावे लागते. एका वर्षाचे चित्र आवडीने सुधारले आणि दुसरे तसेच ठेवले, तर सुधारणेनेच बिघाड होतो.

आमच्या विषयात हे फार जुने दुखणे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतीत पाठभेद माजले होते, ते पाहून एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ग्रंथाची शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती १९६६ साली पुरी झाली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या हस्तलिखितांतले श्लोक ताडून पाहिले गेले. अशा कामात नवशिक्याला मोह होतो तो हाती आलेली पहिली प्रत मूळ धरण्याचा आणि बाकीच्या तिच्याशी जुळवण्याचा. तसे केले की पहिल्या प्रतीचे दोष प्रमाण होतात आणि दुसरीचे गुण अपपाठ ठरतात.

हुबेहूब हाच मोह मेंदूच्या मोजणीत शास्त्रज्ञांना पडला होता. पहिल्या भेटीचे चित्र स्थिर ठेवायचे, दुसरे त्याच्यावर ताणून-दाबून बसवायचे, आणि किती दाबावे लागले त्यावरून मेंदू किती आकसला ते सांगायचे. यात वावगे काय, असे कोणालाही वाटेल. वावगे असे, की हलवलेले चित्र त्या खटाटोपात किंचित पुसट होते आणि न हलवलेले तीक्ष्ण राहते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पॉल युश्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली 'ॲडनी'च्याच चित्रांवर दाखवून दिले, की या एकतर्फी पद्धतीमुळे हिप्पोकॅम्पसच्या झिजेच्या मापात पक्षपात शिरतो. पुढच्याच वर्षी वेस्ली थॉम्पसन आणि डॉमिनिक हॉलंड यांनी अशा पक्षपाताचा व्यवहारी परिणाम पुढे मांडला. झीज फुगवून मोजली गेली, की औषधाच्या चाचणीला फारच थोडी माणसे पुरतील असा भलताच हिशेब निघतो. साधी कसोटी अशी, की दोन भेटींमधला काळ शून्य धरला तर बदलही शून्य यायला हवा. सकाळी आणि दुपारी काढलेल्या दोन चित्रांत माणूस वर्षाने म्हातारा झालेला दिसला, तर म्हातारा तो नव्हे, आपली पद्धत!

यावर उपाय निघाला तोही चिकित्सक संपादकाला शोभेल असाच. मार्टिन रॉयटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली फ्रीसर्फरसाठी तो प्रसिद्ध केला. कोणत्याच भेटीला मान द्यायचा नाही. त्या माणसाच्या साऱ्या भेटींच्या चित्रांतून प्रथम एक मधला साचा तयार करायचा, आणि मग प्रत्येक भेटीची आखणी त्या साच्यापासून सुरू करायची. तपासणाऱ्याचे काम मात्र याने वाढले. आधी सुटी चित्रे पाहायची, मग साचा, मग साच्यावरून झालेल्या आखण्या. साच्यातच ड्युरा शिरला, तर तो सगळ्या वर्षांत उतरतो.

त्याच २०१२ साली दुसरीही एक धक्का देणारी गोष्ट बाहेर आली. तीच चित्रे, तोच प्रोग्राम, पण त्याच्या आवृत्त्या निरनिराळ्या. एवढ्याने मेंदूतल्या भागांच्या आकारमानात सरासरी ८.८ टक्के फरक पडलेला आढळला. संगणकाची बनावट बदलली तरी थोडा फरक पडत होताच. ४.६६ टक्क्यांचा आजार शोधायला निघालेल्या माणसाने अभ्यासाच्या मध्यावर प्रोग्राम बदलला, तर त्याला काय सापडेल ते सांगायला नको.

हलणारी आणि तहानलेली डोकी

चित्र काढायला पाच-सहा मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ डोके स्थिर ठेवावे लागते. ते किती कठीण आहे हे फोटोग्राफरच्या दुकानात लहान मूल घेऊन गेलेल्या आईला विचारावे. डोके हलले की चित्रात पाण्यावरच्या तरंगांसारख्या रेषा उमटतात. रॉयटर यांनीच २०१५ साली हे मुद्दाम करून पाहिले. निरोगी माणसांना यंत्रात निजवून कधी स्वस्थ राहायला आणि कधी ठरावीक तऱ्हेने डोके हलवायला सांगितले. हललेल्या चित्रांत करडा भाग कमी आणि साल पातळ मोजली गेली. त्याच माणसांचा, त्याच बैठकीत, मेंदू झिजला! आता विचार करा, यंत्रात जास्त कोण हलतो? लहान मूल, फार म्हातारा माणूस, आणि ज्याला आजार आहे तो. म्हणजे चूक सगळीकडे सारखी वाटली जात नाही. ज्याच्याविषयी शंका आहे नेमकी त्याच्याच खात्यावर ती जमा होते.

मुलांच्या बाबतीत याचा परिणाम किती दूरवर जातो ते २०१६ साली दिसले. वाढत्या मुलांच्या मेंदूची साल वयाबरोबर कशी बदलते, याविषयी पुष्कळ वाद होता. काहींच्या मते ती आधी जाड होते आणि मग पातळ होते. आलेखाला चढउतार, वळणे. सिमॉन ड्यूशार्म आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या पाठपुराव्याची चित्रे काटेकोर तपासून वाईट ती वगळली, तेव्हा सालीच्या बहुतेक भागात साधा, सरळ उतार दिसला. तपासणी सैल केली की वळणे वाढत होती. मुलांच्या वाढीचा सिद्धान्तच चाळणीच्या भोकावर अवलंबून!

मात्र वगळणे हेही निर्धोक नाही, आणि या बाबतीत संशोधकांनी जितके सावध असावे तितके सगळे असतात असे मला वाटत नाही. हललेली सारी चित्रे फेकून दिली की अभ्यासात उरतात ती शांत, शहाणी, धडधाकट माणसे. शाळेच्या निकालाची टक्केवारी वाढावी म्हणून कच्च्या मुलांना परीक्षेलाच बसू देऊ नये, तशातली ही गोष्ट होते. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. आकडा विचित्र आला की चित्र उघडून पाहायचे, अशी पुष्कळांची रीत असते. एखाद्या आजोबांचा हिप्पोकॅम्पस वर्षात सहा टक्के वाढला, तर कोणीही दचकून चित्र उघडील. पण सहा टक्के कमी झाला, आणि आजोबा आजारी गटातले असले, तर? 'बरोबर आहे' म्हणून तो आकडा पुढे जातो. अशाने आपल्याला न पटणाऱ्या चुका निघून जातात आणि पटणाऱ्या राहतात. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत तपासणाऱ्याला हे चित्र रुग्णाचे की निरोग्याचे, पहिल्या भेटीचे की तिसऱ्या, हे कळूच देत नाहीत. विद्यापीठाच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते ते याचसाठी. काही चित्रे त्याच माणसाकडे गुपचूप दुसऱ्यांदाही पाठवतात. दोन वेळच्या आखण्या किती जुळल्या हे सांगणारे जे माप सर्वत्र वापरतात ते ली डाइस यांचे. हे गृहस्थ मेंदूचे नव्हेत, प्राणिसृष्टीचे अभ्यासक. दोन जातींचे प्राणी एकाच ठिकाणी कितपत आढळतात हे मोजण्यासाठी त्यांनी १९४५ साली ते सुचवले होते.

आणि सगळे बिनचूक झाले तरी मेंदू स्वतःही थोडा लहानमोठा होत असतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांनी सोळा तास पाणी घेतले नाही, तेव्हा मेंदूचे आकारमान ०.५५ टक्क्यांनी घटले, आणि पाणी प्याल्यावर पुन्हा भरून आले. साठीनंतर निरोगी मेंदू वर्षाला झिजतो तो अर्ध्या टक्क्याच्या आसपासच. तेव्हा निर्जळी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी पारणे न करता एमआरआयला गेलेल्या आजीबाई कागदावर एका वर्षाने म्हाताऱ्या ठरतील. ही चूक कितीही डोळे फाडून चित्र पाहिले तरी दिसणार नाही. तिच्यासाठी दरवेळी तीच वेळ, तोच आहार, तेच यंत्र, अशी शिस्त आधीच ठेवावी लागते.

मेदूवडा आणि बटाटेवडा

माझी भाची सांगत होती की हात बसला म्हणजे एका चित्राला तीन मिनिटे पुरतात. ब्रिटनमधल्या 'यूके बायोबँक' या उपक्रमाने २०२५ च्या जुलैत एक लाख माणसांची चित्रे काढून पुरी केली, आणि त्यांतल्या साठ हजारांना पुन्हा बोलावून दुसरे चित्र काढण्याचे काम चालू आहे. एक लाख चित्रे, प्रत्येकी तीन मिनिटे, म्हणजे पाच हजार तास. रोज आठ तास, रविवारसुद्धा न सोडता बसले तरी पावणेदोन वर्षे! आणि हे पहिल्या भेटीचेच. माणसाच्या डोळ्यावर हे भागणारे नाही. म्हणून यंत्राच्या कामावर देखरेख करायला दुसरे यंत्र नेमावे लागले.

त्यातली एक युक्ती गृहिणींना चटकन कळेल. बटाटेवड्याला भोक नसते, मेदूवड्याला एक असते. मेंदूची साल कितीही सुरकुतलेली असली तरी जातीने ती बटाटेवड्याची. तिला आरपार भोक असता कामा नये. पण संगणक पहिल्यांदा जी साल घडवतो तिच्यात चित्राच्या दोषामुळे भोके राहतात, आणि मागाहून तो ती बुजवतो. बुजवण्यापूर्वी ती किती होती, हे गणितज्ञ ऑयलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका आकड्यावरून कळते. फिलाडेल्फियातल्या मुलांच्या चित्रांवर काम करून २०१८ साली असे दाखवले गेले, की माणसांनी पाहून दिलेल्या शेऱ्यांशी हा आकडा चांगला जुळतो. भोके जास्त, तर चित्र संशयास्पद. मग तेवढीच माणसाने उघडावीत. नुसत्या आकड्यावर विसंबून चित्र न उघडताच फेकणारेही आहेत, ते मला पसंत नाही.

आपल्याकडेही असे पाठपुरावे चालू आहेत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातील मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकात कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर भागातील खेड्यांतल्या माणसांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करीत आहे, आणि त्यात एमआरआयही आहे. इथे डोळ्यांनी तपासण्याची गरज अधिकच. हैदराबादच्या संशोधकांनी २०१९ साली शंभर भारतीय मेंदूंचा नकाशा तयार केला तेव्हा आढळले, की आपला मेंदू लांबी-रुंदी-उंचीने आणि आकारमानाने पाश्चात्त्य मेंदूपेक्षा सरासरीने लहान आहे. (वाचकांनी मनाला लावून घेऊ नये, आकारावर अक्कल ठरत नाही.) पण आखणी करणारे प्रचलित प्रोग्राम बहुतांशी पाश्चात्त्य मेंदूंवर शिकून तयार झालेले आहेत. दुसऱ्याच्या मापाने बेतलेला सदरा आपल्या खांद्यावर कोठे ओढला जातो, ते अंगावर चढवूनच पाहावे लागते.

हे सारे कशासाठी, ते एका औषधाच्या उदाहरणावरून कळेल. अल्झायमरमध्ये मेंदूत ॲमिलॉइड नावाचे द्रव्य साचते. ते काढून टाकणाऱ्या लेकानेमॅब या औषधाला अमेरिकेत २०२३ च्या जुलैत पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत ते घेणाऱ्या रुग्णांची घसरण, न घेणाऱ्यांच्या तुलनेने, २७ टक्क्यांनी कमी झाली. पण चित्रे मोजली तेव्हा औषध घेणाऱ्यांचा मेंदू एकंदरीने अधिक वेगाने आकसलेला निघाला! असे पूर्वीही झाले होते. ॲमिलॉइडविरुद्धच्या एका जुन्या लसीच्या चाचणीत लंडनचे निक फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली हेच नोंदवले होते. आता एक पक्ष म्हणतो, साचलेले द्रव्य आणि त्याबरोबरची सूज गेली, म्हणून मेंदू लहान दिसतो; यात भिण्यासारखे काही नाही. दुसरा पक्ष म्हणतो, हे कशावरून? खरोखरच झीज होत नसेल कशावरून? वाद मिटलेला नाही. तो मिटवण्यासाठी त्याच रुग्णांची पुढल्या वर्षांची चित्रे पुन्हा पुन्हा मोजावी लागतील, आणि पिवळी-लाल रेघ कोठे फुगली, कोठे निसटली, हे कोणीतरी बाण दाबत पाहत बसेल.

आपल्या घरच्या एखाद्या माणसाचा एमआरआय होतो तेव्हा बहुधा ही मोजणी होत नाही. डॉक्टर डोळ्यांनी चित्र पाहून निदान लिहितात, आणि त्या कामाला तेच पुरेसे असते. पण दोन-तीन वर्षांनी पुन्हा चित्र काढायची वेळ आली, तर शक्य तो त्याच यंत्रावर काढावे आणि जुनी चित्रे बरोबर न्यावीत. रिपोर्टाचा कागद आपण फायलीत लावतो आणि त्याबरोबर मिळालेली तबकडी कोठल्या तरी खणात टाकतो. बारा लाख दाणे असतात ते तबकडीवर. कागदावरून मागाहून काही मोजता येत नाही.